ओरखडा की वाट

जुन्या सिनेमाची नवी डिस्क तपासायला घेतली की मी नायिकेच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघते. चेहऱ्यावर सगळ्यांनी मेहनत घेतलेली असते. आधी रंगभूषा करणाऱ्याने, मग कॅमेरावाल्याने, आणि आता कुठल्यातरी गार खोलीत संगणकासमोर बसलेल्या माणसाने. जुनं चित्र खरोखर किती नीट उतरलंय ते कळतं भिंतीच्या गिलाव्यावरून, घोंगडीच्या पोतावरून, गवतावरून. तिथे कुणी बघणार नाही अशी सगळ्यांची खात्री असते, त्यामुळे केलेली कसूर तिथेच सापडते.

निवृत्त होईपर्यंत मी बेळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. आता बेळगावातच घरी बसून पुण्याच्या एका मासिकात सदर लिहिते. सिनेमा चांगला की वाईट हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो घरच्या पडद्यावर कसा दिसतो, एवढंच मी लिहिते. वाचक थोडे आहेत, आणि जे आहेत ते माझी चूक शोधायलाच वाचतात. म्हणून मीही डिस्क नीट बघते.

दिवाळीनंतर मासिकाकडून एक पेटी आली. डिस्क म्हणायला जीभ रेटत नाही, पेटीच होती. आत लाल मखमल, वर सोनेरी अक्षरं, निर्मात्याच्या नातवाचं चार पानी मनोगत, प्लास्टिकमध्ये बंद केलेला मूळ फिल्मचा नखाएवढा तुकडा, आणि ही प्रत घेतल्याबद्दल घेणाऱ्याचा गौरव करणारं एक सन्मानपत्र. या सगळ्याखाली, गुदमरल्यासारखी, डिस्क. माझ्या नवऱ्याने पेटी हातात घेऊन जोखली आणि विचारलं, "आत सिनेमा आहे, की विहिणीची साडी?"

सिनेमा आमच्याच भागात काढलेला होता. जुना, रंगीत, ग्रामीण, गाण्यांचा. आता मूळ निगेटिव्हवरून, एकेक चौकट स्वच्छ करून, फोर-केमध्ये पुन्हा आणला होता. जोडीला 'विशेष दृश्यं' होती. ती लावली तर डिस्क तयार करण्याच्या कामाचा शुभारंभ निघाला: समई, शाली, नारळ, आणि एका वक्त्याचं ओळखीच्या सगळ्यांचे आभार मानणारं भाषण. या चित्रणाचा दर्जा मात्र निर्दोष होता.

पेटी समोरच्या टेबलावर उघडी पडली होती, तेव्हा आमचे दूधवाले अण्णा दारात आले. हिंडलग्याकडच्या शेतकरी कुटुंबातले. सकाळी शहरात दूध घालतात, उरलेला दिवस शेतात. माझ्याहून बरेच लहान आहेत, पण गल्लीत सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. दुधाचं माप हातात धरून ते तसेच उभे राहिले. पेटीवर नायिका कमरेवर घागर घेऊन गवतातून पळत होती.

"बाई, हे आमचं रान."

मी म्हटलं, "कशावरून?"

"मागं जांभूळ बघा की वो. आमचंच. पाडलं आता." मग दूध ओतता ओतता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्यात लई स्वच्छ दिसतंय म्हणं? गवताची काडी बी दिसत्याय?"

इतकी वर्षं मी वाचकांच्या पत्रांची वाट बघत होते की कुणीतरी गवताबद्दल विचारावं. विचारलं ते दूधवाल्याने, आणि त्यालाही कारण होतं.

कारण असं. अण्णांचे वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर रानाची दोन भावांत वाटणी झाली. रस्त्याकडचं पुढचं रान धाकट्याला, ओढ्याकडचं मागचं अण्णांना. मागे जायला पुढच्या रानातून एक वाट होती. वाटणीच्या कागदात तिचा उल्लेख नाही, कारण तेव्हा तो करावा असं कुणाच्या मनातच आलं नाही. धाकटा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे आणि पुढच्या रानात कोबी लावतो. यंदा त्याने शेडचा पाया काढला आणि वाटेवर सिमेंटचे खांब रोवले. तो म्हणतो, वाट कधी नव्हतीच, अप्पांनी अण्णांना जाऊ दिलं ती सवलत होती. अण्णांचा ऊस तोडणीला आला होता, आणि ट्रॅक्टर आत जायला दुसरीकडून रस्ता नव्हता.

"तहसीलदार ऑफिसात गेलतो," अण्णा म्हणाले. "नकाशात वाट न्हाय. गावात चौघांना इचारलं, तर दोघं व्हय म्हणत्यात, दोघं न्हाय. मग निपाणीची आक्का म्हणाली, सिनेमा बघा. शुटिंग झालं तवा मी रांगत होतो, धाकटा तर जलमलाच नव्हता. सिनेमाला कुणाची भावकी न्हाय. त्यात वाट दिसली तर हाय, न्हाय दिसली तर न्हाय. दोघांनी बी कबूल केलंय."

"मग बघितला नाही का अजून?"

"बघितला की. पोरानं फोनवर काढून टीव्हीला लावलता. नुसतं पिवळं पिठलं. मला वाट दिसली, त्याला न्हाय दिसली." मग पेटीकडे बोट करून म्हणाले, "ह्यात दिसंल."

चित्राचा दर्जा कसा ठरवावा, यावर मी आजवर बरंच लिहिलं आहे. रंग, काळोख, कड, पोत. एखाद्याचा ऊस घरी यावा इतपत चित्र स्पष्ट आहे का, ही कसोटी माझ्या यादीत नव्हती. मी रविवारी या म्हणाले. खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं.

रविवारी दुपारी तिघं आली. निपाणीला दिलेली आक्का बसने आली होती, साठीची, बारीक चणीची, पायांत पुरुषी चपला. तिने येतानाच मला बाजूला घेऊन सांगितलं की ती काही बोलणार नाही. "मी व्हय म्हटलं की एकाचं दार बंद, न्हाय म्हटलं की दुसऱ्याचं. आई-अप्पा गेल्यावर माझं म्हायार ह्या दोघांच्या चुलींपाशीच हाय. टीव्ही बोलू दे." अण्णा सोफ्याच्या या टोकाला बसले, धाकटा त्या टोकाला. धाकटा पूर्वी माझ्या वर्गात होता. चेहरा तोच, फक्त मिशा नव्या.

"बाईंचा निकाल मला चालंल," तो म्हणाला. "पण एवढं सांगून ठेवतो, भिंगाच्या धड्यात बाईंनी मला नापास केलंय."

"पेपरात भिंग काढायच्या ऐवजी बटाटा काढला होतास," मी म्हणाले.

पडदे ओढले, सिनेमा लावला आणि सरळ गाण्यावर गेले. लगेच पहिली हरकत आली. जुन्या सिनेमाचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं आणि आजचा टीव्ही रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. धाकटा पुढे सरकला.

"कडंचं रान का झाकलंय?"

"झाकलेलं नाही. चित्र तेवढंच आहे."

"घरी लावलं तवा सगळा टीव्ही भरलता. ह्यात माझी डावीकडची पट्टी काळ्यात गेल्याय."

"आन् माझी उजवीकडची," अण्णा म्हणाले. त्या दुपारी दोघा भावांचं एकमत झालं ते या काळ्या पट्ट्यांवर. घरच्या टीव्हीने चित्र दोन्हीकडे ओढून पडदा भरला होता, त्यात एक इंचही जास्तीचं रान नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं. दोघांनी मान हलवली आणि दोघांचाही विश्वास बसला नाही.

गाणं सुरू झालं. नायिका घागर घेऊन पळत होती, मागून चार मैत्रिणी कमरेवर हात ठेवून नाचत येत होत्या. असा प्रेक्षक मी कधी पाहिला नव्हता. नायिका कुणालाच नको होती.

"ही बया सारखी मधीच येत्याय," अण्णा म्हणाले.

"तिला पैसे त्याचेच मिळाले असतील," माझा नवरा म्हणाला. तो बँकेतून निवृत्त झालाय आणि चहा घेऊन आला होता, पण जायचं नाव घेईना.

सगळ्यात उपयोगी दृश्य गाण्याच्या मध्याला होतं. कॅमेरा उंचावर, खाली अख्खं रान, समोर जांभूळ, पलीकडे ओढ्याची झाडी. कॅमेरा काही वेळ स्थिर राहतो आणि मग हळूच उजवीकडे वळतो. वाट असलीच तर पडद्याच्या खालून वर, उभ्या रेषेसारखी, जांभळाकडे जायला हवी. मी चित्र थांबवलं.

गवत होतं. जांभूळ होतं, पानं मोजावीत इतकं स्पष्ट. वाट नव्हती.

धाकट्याने कप उचलला, फुंकर मारली आणि शांतपणे चहा प्यायला. अण्णा उठून टीव्हीजवळ गेले, काचेला नाक लागेल इतके, आणि तिथेच उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघून मला वाटलं, आता यांचा ऊस उभा वाळणार.

"दिसंल ते खरं म्हणलंतं," धाकटा म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, सुटल्यासारखं होतं.

मला मात्र ते गवत आवडलं नव्हतं. जांभळाची पानं सुटी सुटी आणि गवत मात्र हिरव्या मेणासारखं सपाट, असं एकाच चौकटीत का व्हावं? मी तेच दृश्य एकेक चौकट करून पुढे नेलं. कॅमेरा वळायला लागतो तिथे, दोनतीन चौकटींत, जांभळाच्या खाली फिकट काहीतरी उमटलं आणि परत पुसलं गेलं. पापणी लवावी तसं. मी मागे आणलं. पुन्हा उमटलं, पुन्हा पुसलं गेलं.

"ते काय?" आक्काने विचारलं. न बोलायचं ठरवल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"बघू या," म्हणून मी कपाटातून या सिनेमाची जुनी व्हीसीडी काढली. कुणीतरी पूर्वी काढलेली, रंग उडालेली, चेहरे शिजवलेल्या रताळ्यासारखे, चारही कडा बिनदिक्कत छाटलेल्या. पण ती कुणी साफ केलेली नव्हती. मूळ प्रिंटवरची सगळी घाण तिच्यात जशीच्या तशी होती. तेच दृश्य लावलं. पिवळ्या गवतात, पडद्याच्या खालून जांभळापर्यंत, एक फिकट उभी रेघ.

"ती बघ वाट," अण्णा म्हणाले.

"ती वाट न्हाय, ओरखडा हाय," धाकटा म्हणाला. "जुन्या सिनेमात अशा रेघा पडत्यातच. बाई, पडत्यात का न्हाय?"

पडतात. फिल्म यंत्रातून जाताना घासली की तिच्यावर अशीच उभी, फिकट रेघ उमटते. व्हीसीडीत इतर ठिकाणी तशा ढीगभर रेघा होत्या. नव्या डिस्कवाल्यांनी त्या सगळ्या पुसल्या होत्या आणि मनोगतात त्याची फुशारकीही मारली होती. माझा अंदाज असा की हे काम संगणक करतो, आणि उभी, बारीक, फिकट रेघ दिसली की तो तिला ओरखडाच समजतो. पण म्हणून ही रेघ वाटच आहे, असंही होत नाही. संगणकाचंच बरोबर असू शकत होतं.

मी म्हणाले, "बसच्या काचेवर चरा असतो बघ. बस चालली की बाहेरची झाडं मागे जातात. चरा जातो का?"

"न्हाय. तिथंच ऱ्हातोय."

"ओरखडा फिल्मवर असतो, रानात नसतो. कॅमेरा वळला की रान सरकेल, जांभूळ सरकेल, आणि ओरखडा पडद्यावर होता तिथेच राहील. वाट असेल तर जांभळाबरोबर जाईल."

"आमच्या बशीला काचच नव्हती," आक्का म्हणाली, "पर कळलं."

मी दृश्य सोडलं. कॅमेरा स्थिर. मग तो वळला. जांभूळ डावीकडे सरकू लागलं, आणि त्याच्या बुंध्याला धरून रेघही सरकली, थोडी तिरपी होत, थेट पडद्याच्या कडेपर्यंत, आणि झाडाबरोबरच बाहेर गेली. मागे, इतका वेळ तिच्या शेजारी न जाणवलेला खरा ओरखडा तेवढा उरला, पडद्याच्या मधोमध, जागच्या जागी थरथरत.

"आणि एकदा दावा," धाकटा म्हणाला. मी दाखवलं. त्याने तिसऱ्यांदा मागितलं नाही.

अण्णा पहिल्यांदा सोफ्याला टेकून बसले. इथे थांबायला हवं होतं. पण नव्या डिस्कचं एक लक्षण माझ्या डोक्यात घोळत होतं: व्हीसीडीने छाटलेल्या कडा तिच्यात शाबूत होत्या. म्हणजे ज्या टोकाला वाट पडद्याखाली जाते, त्याच्याही खालचं थोडं रान नव्या डिस्कमध्ये दिसायला हवं. मी परत ती लावली.

"बाई, आता कशाला?" अण्णा म्हणाले. "झालं की."

माझ्या नवऱ्यानेही भुवई उचलून मला खुणावलं. पण मला राहवेना. दृश्याच्या सुरुवातीला, अगदी खालच्या कडेला, वाट बाहेर जायला हवी तिथेच, एक फळी होती. फळीवर लोखंडी रूळ, उन्हात चमकणारा. हातभर लांबीचा तेवढा तुकडा. कॅमेरा वळला की तो गेला.

आक्का मोठ्याने हसली. "रूळ. रूळ टाकलेते की वो. मी विसरलेच." आणि मग न बोलायचं ठरवलेली ती आक्का थांबेचना. "फळ्यांवर रूळ, रुळांवर गाडी, गाडीवर कॅमेरावाला छत्री घेऊन. चार गडी ढकलायचे. त्यासाठी जांभळापातूर सगळं गवत कापलं. अप्पा लई चिडले, म्हशींनी काय खायचं म्हणून. ते लोक गेले, आणि मग आम्ही पोरं ओढ्याला त्याच कापलेल्यातनं जायला लागलो. त्याच्या आदी बांधावरनं फिरून जायचो."

"म्हणजे वाट सिनेमावाल्यांची," धाकटा म्हणाला.

अण्णांचा चेहरा उतरला. माझ्याकडे त्यांनी बघितलं ते मला चांगलंच लागलं. जुन्या डिस्कने त्यांना वाट दिली होती आणि नव्या डिस्कने ती कुणाची हे सांगितलं होतं. तेही माझ्या हौसेपायी.

"सिनेमावाले गेले," ते सावकाश म्हणाले. "वाट ऱ्हायली. अप्पांनी बुजवली न्हाय. चिडलेते, तरी बुजवली न्हाय."

कप खाली ठेवून धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "वाट नव्हती म्हणत न्हाय मी आता. पर केवढी? तू तुझ्या टीव्हीवर दावलंस तवा निम्मं रान वाट होतं. आज वाट म्हणशील, उद्या रस्ता म्हणशील, परवा माझी शेड त्यात यील. पाया काढलाय मी."

तर दुखणं हे होतं. वाट आहे की नाही यावर भावाभावांनी इतके दिवस अबोला धरला, आणि धाकट्याला भीती होती ती तिच्या रुंदीची. ती भीतीही त्या ताणलेल्या चित्राने घातलेली.

"टीव्हीनं ताणलं होतं ते," मी म्हणाले.

"ताणलं किती ते कसं कळायचं?"

"वाट फुगली आसंल तर पोरी बी फुगल्या आसतील की," आक्का म्हणाली. "त्या नाचणाऱ्या दावा."

नव्या डिस्कवर नाचाचं दृश्य लावलं. कॅमेरा जवळ होता, वाटेवरच, त्या रुळांवरून मागे मागे जाणारा. चार पोरी एका ओळीत, कमरेवर हात, कोपराला कोपर चिकटलेलं, सरळ आपल्याकडे येतात. मघाशी हे पाहिलं तेव्हा पायाखालची मोकळी जागा वाट आहे की नाचून तुडवलेलं गवत, ते सांगता येत नव्हतं. आता वाट कुठे होती ते माहीत झालं होतं. पहिल्या पोरीच्या कोपराला कमरेएवढं गवत लागत होतं आणि चौथीच्या कोपराला पण. चौघी मावत होत्या, पाचवी मावली नसती.

"चार पोरींएवढी," आक्का म्हणाली. "कबूल?"

धाकट्याने अण्णांकडे बघितलं. "कोपरं धरून?"

"कोपरं धरून," अण्णा म्हणाले.

त्या रात्री आक्का आमच्याकडेच राहिली. दोन्ही घरी तिच्या नावाने भाकरी थापल्या होत्या, म्हणून एकीकडेही गेली नाही. जेवताना तिने विचारलं, या दोन डिस्कांतली चांगली कुठली म्हणून लिहिणार? मी म्हटलं, तेच कळत नाहीये. नवीत रूळ दिसतो आणि वाट पुसलीय, जुनीत वाट दिसते आणि रूळ कापलाय. ती म्हणाली, "मग दोन्ही घ्या म्हणून लिहा." मी तसंच लिहिलं. फक्त नवीच्या गवताला मेण म्हटलं आणि सन्मानपत्राबद्दल एक ओळ घातली, ती संपादकांनी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालून झाल्यावर, सगळे रानात जमलो. रस्त्याकडेला, वाट जिथून सुरू व्हायची तिथे, मोरी होती, आणि पलीकडे पाडलेल्या जांभळाचा उरलेला बुंधा. मधली सरळ रेघ सगळ्यांना मान्य होती. तिच्यावर चार माणसं उभी करायची होती. माझ्या हातात फोन होता, त्यावर त्या चौघींचं थांबवलेलं चित्र. म्हणून मी सुटले. आक्का, दोन्ही भाऊ, आणि चौथा माझा नवरा.

"साहेब नगं," धाकटा म्हणाला. "साहेब दीड पोरीएवढे हाईत."

"मी आक्काच्या बाजूला उभा राहतो," माझा नवरा म्हणाला. "ती अर्धीच आहे. हिशेब जुळतो."

धाकट्याने आक्काकडे बघितलं, माझ्या नवऱ्याकडे बघितलं, मनात बेरीज केली आणि मान हलवली. आक्काने दोघा भावांना मध्ये घेतलं आणि आपण एका टोकाला उभी राहिली. माझ्या नवऱ्याला तिने दुसऱ्या टोकाला पाठवलं. "बाजूला नसले तरी बेरीज तीच," ती म्हणाली. कमरेवर हात ठेवून चौघं उभे राहिले. पलीकडच्या रानात भाजी काढणाऱ्या बायका काम थांबवून बघत होत्या.

मी फोनवर बघितलं. "मध्ये फट आहे," मी म्हणाले. "त्या पोरींची कोपरं चिकटलीत."

फट दोघा भावांच्या मध्ये होती.

"सरका की रं," आक्का म्हणाली. "त्या पगार घेऊन नाचत होत्या तरी चिकटल्यात्या."

अण्णा थोडे सरकले. धाकटा थोडा सरकला. कोपराला कोपर लागलं. मी दोन्ही टोकांना चुन्याची फक्की टाकली, आणि तशीच ओळ पुढे पुढे नेत जांभळाच्या बुंध्यापर्यंत गेलो. धाकट्याच्या शेडचा पाया चुन्याच्या बाहेर राहिला, चांगला हातभर. तो पायापाशी थांबला, चुन्यापासून तिथपर्यंत पाऊल टाकून बघितलं आणि परत आला. रोवलेल्या खांबांपैकी दोन मात्र चुन्याच्या आत होते.

अण्णांनी रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मोरीवरून आत घातला. चुन्याच्या दोन्ही रेघांमधून चाकं नीट येत होती. पहिल्या खांबापाशी थांबले. इंजिन बंद केलं नाही, हॉर्नही दिला नाही. नुसते बसून राहिले.

धाकट्याने खांबाला मिठी घातली आणि हलवला. खांब पक्का बसला होता, त्यानेच रोवलेला. दुसऱ्यांदा हलवला. अण्णा खाली उतरले, पलीकडून धरला, आणि दोघांनी मिळून तो पुढेमागे डोलवत डोलवत बाहेर काढला. दुसरा त्यामानाने लवकर निघाला. दोन्ही बांधावर नेऊन टाकले.

अण्णा ट्रॅक्टरवर चढायला निघाले तशी आक्का म्हणाली, "खड्डे कोण बुजवणार? बैलाचा पाय जायाचा."

"बैल कुठं हाईत आता आक्का?" धाकटा म्हणाला.

"मग माझा जाईल. मी हितनंच जाणार ओढ्याला."

धाकट्याने पायाने माती ओढली. अण्णांनी पलीकडून ओढली. दोन्ही खड्डे भरले तसे अण्णा ट्रॅक्टरवर चढले; धाकट्याने वर उभं राहून टाचेने माती दाबली, बाजूला झाला आणि हाताने ट्रॅक्टरला पुढे यायची खूण केली.